मिरा रोडच्या लॉजमधली मुलगी: एका कायद्यात पीडित, दुसऱ्या कायद्यात आरोपी

आपल्या शहरात पोलिसांच्या प्रेसनोटचे दोन साचे ठरलेले आहेत. पहिला: काशिमिऱ्याच्या अमुक लॉजवर बोगस गिऱ्हाईक पाठवून छापा, दलाल अटकेत, इतक्या 'पीडित मुलींची सुटका'. दुसरा: अमुक चाळीत बेकायदा राहणाऱ्या इतक्या 'बांगलादेशी महिलांना अटक'. वीसेक वर्षं या दोन्ही बातम्या लिहितोय. पहिली छापली की लोक हळहळतात, दुसरी छापली की टाळ्या वाजवतात. पण बऱ्याचदा दोन्ही नोटांमधली बाई एकाच वाटेने आलेली असते. कुणीतरी ब्यूटी पार्लरच्या किंवा घरकामाच्या नोकरीचं सांगितलं, रात्री हद्द ओलांडून बनगावच्या बाजूला आणलं, हावड्याहून गाडीत बसवलं आणि इथे कुणाच्या तरी ताब्यात दिलं. मग एक पीडित आणि दुसरी आरोपी, असं का?

उत्तर पोलीस ठाण्यात सापडत नाही. ते शंभर वर्षांच्या इतिहासात आहे. परदेशात सह्या केलेले करार दिल्लीत येऊन कायदा कसे होतात, आणि होताना त्यातलं काय गळून पडतं, त्याचा हा इतिहास आहे. पोस्ट लांब आहे, पण आपल्या गल्लीशी तिचा संबंध आहे.

आधी एक साधी गोष्ट. भारताने परदेशात करारावर सही केली म्हणून तो करार इथल्या कोर्टात आपोआप लागू होत नाही. घटनेचं कलम २५३ सांगतं की असा करार अंमलात आणण्यासाठी संसदेने कायदा करावा, आणि विषय राज्यांचा असला तरी तो अधिकार संसदेला आहे. कलम ५१ म्हणतं की राज्याने आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर वाढवावा, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर कोर्टात हक्क मागता येत नाही. कधीमधी कोर्टच पुढे होतं. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने महिलांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराचा आधार घेऊन कामाच्या जागी होणाऱ्या छळाबद्दल नियम घालून दिले, आणि संसदेचा कायदा यायला २०१३ उजाडलं. पण तो अपवाद. एरवी कराराचं जेवढं कायद्यात उतरतं तेवढंच खरं, बाकीचं फायलीत.

आता मुंबईत जाऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामाठीपुऱ्याजवळच्या 'सफेद गल्ली'त युरोपातून आणलेल्या बायका असत. १९०४ आणि १९१० साली युरोपातल्या देशांनी या व्यापाराविरुद्ध जे पहिले करार केले, त्यांच्या नावातच 'गोऱ्या गुलामांचा व्यापार' असे शब्द होते. म्हणजे काळजी कुणाची होती ते नावावरूनच कळतं. त्या काळात सरकारकडे १८६४ चा परदेशी नागरिकांविषयीचा कायदा होता, आणि त्याखाली परदेशी माणसाला सरळ देशाबाहेर काढता येत असे. गंमत बघा, मुंबईचे पोलीस तो वापरायचे युरोपियन दलालांना हद्दपार करायला. परदेशी नागरिक कायद्याचा रोख तेव्हा बाईला आणणाऱ्यावर होता.

इथल्या बायकांचं काय? १९१७ साली डंकन रोडवरच्या एका कुंटणखान्यात अकूताई नावाची बाई छळ होऊन मेली. तिथून पळून जायचा प्रयत्न तिने केला होता. खटला गाजला, आणि मुंबईतल्या कुंटणखान्यांत बायका डांबलेल्या असतात ही गोष्ट पहिल्यांदा सरकारला नाकारता येईना. त्याच सुमारास बाहेरून दुसरा रेटा आला. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि १९२१ मध्ये जिनिव्हात 'स्त्रिया आणि मुलांच्या व्यापाराला' आळा घालण्याचा करार झाला. 'गोऱ्या' हा शब्द गेला. ब्रिटिशांचा अंमल असला तरी भारत स्वतः राष्ट्रसंघाचा सदस्य होता, त्यामुळे भारताच्या नावानेही सही झाली. पण सही करताना एक टीप जोडली गेली. करारात संरक्षणाचं वय २१ होतं, भारताने ते आपल्या मर्जीने १६ पर्यंत खाली ठेवण्याचा हक्क राखून ठेवला.

ही टीप लक्षात ठेवा. सही पूर्ण, अंमल आपल्या सोयीने, ही रीत तिथून सुरू होते.

तरी १९२३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. मुंबई प्रांताने वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा केला. आणि जिनिव्हाच्या करारासाठी भारतीय दंड विधानात ३६६-अ आणि ३६६-ब ही दोन नवी कलमं घातली गेली. यातलं ३६६-ब आपल्या शहराच्या कामाचं. परदेशातून २१ वर्षांखालची मुलगी या हेतूने भारतात आणणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद. म्हणजे १६ ची टीप जोडूनही बाहेरून आणलेल्या मुलीसाठी २१ चं वय कायम राहिलं. १ जुलै २०२४ पासून दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, त्यात हेच कलम १४१ म्हणून आहे, फक्त १८ वर्षांखालचा मुलगाही त्यात आला. शंभर वर्षांपूर्वी जिनिव्हात ठरलेली ओळ आज आपल्या पोलीस ठाण्याच्या संगणकात आहे. ती किती वेळा वापरली जाते, हा प्रश्न मी जिथे जिथे विचारला तिथे समोरचा माणूस आधी कलम शोधायला लागला.

स्वातंत्र्यानंतर दुसरी सही झाली. संयुक्त राष्ट्रांचा १९४९ चा करार, त्यावर भारताची सही ९ मे १९५० ला न्यूयॉर्कमध्ये. घटनेच्या कलम २३ ने माणसांच्या व्यापाराला बंदी घातलीच होती. मग १९५६ साली जो कायदा झाला तो आपण आज 'पिटा' म्हणून ओळखतो (१९८६ च्या दुरुस्तीपर्यंत त्याचं नाव 'सीता' होतं, म्हणजे इंग्रजी आद्याक्षरांवरून, आणि ते नाव ठेवणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही). या कायद्याच्या पहिल्याच वाक्यात लिहिलंय की ९ मे १९५० च्या न्यूयॉर्क करारानुसार हा कायदा करत आहोत. बाहेरचा करार घरचा कायदा झाला याचं इतकं उघड उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

पण करार शिक्षा सांगतो ती कुंटणखाना चालवणाऱ्याला आणि दलालाला. आपल्या कायद्यात कलम ८ आलं: सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावलं तर बाईलाच शिक्षा. पुढची कित्येक वर्षं याच कलमाखाली बायकांना धरून नेण्यात गेली. उलट करारातलं कलम १९ गळालं. परदेशातून आणलेल्या आणि निराधार झालेल्या बाईची परत जाईपर्यंत तात्पुरती सोय करा, असं ते सांगत होतं. आपल्या कायद्यात सुधारगृह आलं, पण परदेशी बाईचा परतीचा रस्ता आला नाही. तो भाग एका वेगळ्याच कायद्याकडे गेला, १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याकडे. तोही दलालाला हद्दपार करणारा जुना कायदा राहिला नव्हता. त्याच्यापुढे एकच प्रश्न होता: तुझ्याकडे कागद आहेत का?

इथे एक फरक आहे, जो बातम्यांमध्ये कधीच येत नाही. भारत-नेपाळमध्ये १९५० चा करार आहे, नेपाळी माणसाला इथे यायला व्हिसा लागत नाही. पूर्व पाकिस्तानच्या हद्दीवर मात्र १९५२ च्या ऑक्टोबरपासून पासपोर्ट-व्हिसा सुरू झाला, आणि बांगलादेश झाल्यावरही तो आहेच. म्हणून एकाच लॉजवर, एकाच दलालाच्या ताब्यात दोन मुली सापडल्या, एक नेपाळची आणि एक बांगलादेशची, तर पहिली फक्त पीडित असते. दुसरी पीडित असतेच आणि हद्द ओलांडल्याबद्दल गुन्हेगारही असते. दोघींवर जे गुदरलं त्यात काडीचा फरक नसतो.

नेपाळच्या मुलींचंही सोपं नव्हतंच. १९९६ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईत मोठे छापे पडले, शेकडो मुली सोडवल्या, त्यात नेपाळच्या खूप होत्या. त्यांना परत न्यायला नेपाळ सरकार पुढे येईना. शेवटी नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी जुलैत शंभराहून अधिक मुलींना घरी नेलं. सोडवणं एका रात्रीचं काम, पोचवायला पाच महिने. आणि २००२ मध्ये 'प्रेरणा' संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की १८ वर्षांखालच्या मुलीला आरोपी म्हणून दंडाधिकाऱ्यासमोर उभं करू नका, तिला बालकल्याण समितीकडे न्या, आणि कुंटणखाना चालवणाऱ्याचा वकील त्या मुलीचा वकील म्हणून उभा राहता कामा नये. हे निकालपत्रात लिहावं लागलं यावरून आधी काय चालत होतं ते समजा.

तिसरी सही सगळ्यात मोठी. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी संघटित गुन्हेगारीविरुद्धचा करार केला आणि त्याला मानवी तस्करीचा मसुदा जोडला. इटलीतल्या पालेर्मो शहरात त्यावर सह्या घेतल्या गेल्या म्हणून त्याला पालेर्मो प्रोटोकॉल म्हणतात. भारताने सही केली डिसेंबर २००२ मध्ये, मान्यता दिली मे २०११ मध्ये. साडेआठ वर्षं. याच काळात आपल्या राज्यात डान्स बारबंदीवरून २००५ पासून सभागृहापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत रणकंदन चाललं होतं, आणि त्यातही तस्करी हा शब्द सतत येत होता. बंदी टिकली की नाही याच्या बातम्या आम्ही भरपूर केल्या, दिल्लीत पडून असलेल्या या कराराची एकही केली नाही. मराठी वृत्तपत्रांत तरी मला ती सापडली नाही.

मग डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतली ती घटना घडली. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या समितीने महिन्याभरात अहवाल दिला, आणि २०१३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीत दंड विधानाचं कलम ३७० पूर्ण नवं लिहिलं गेलं. आधी ते गुलाम विकण्या-विकत घेण्याबद्दल होतं. आता त्यात पालेर्मोची व्याख्या आली: शोषणासाठी माणसाला भरती करणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं, ताब्यात घेणं, धमकी देऊन, फसवून, आमिष दाखवून. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बळी पडलेल्या व्यक्तीची संमती होती की नव्हती, हा मुद्दाच उरला नाही. 'ती स्वतःहून आली' हे वाक्य दलालाच्या बचावासाठी बाद झालं. आज हे न्याय संहितेचं कलम १४३ आहे.

इथेही गळती झाली. पालेर्मोच्या व्याख्येत 'सक्तीची मजुरी' स्पष्ट शब्दांत आहे. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात ती होती, कायदा होताना गेली. त्या जागी 'शारीरिक शोषण' असा सैल शब्द आला. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये काम करणाऱ्या पोरांचा विचार करा म्हणजे हा शब्द का महत्त्वाचा होता ते कळेल. दुसरी गळती आपल्या विषयातली. पालेर्मोच्या कलम ६, ७ आणि ८ मध्ये बळी पडलेल्या व्यक्तीचं रक्षण आहे: निवारा, वैद्यकीय मदत, योग्य प्रकरणांत त्या देशात राहू देण्याचा विचार, आणि परत पाठवायचं तर सुरक्षित आणि शक्यतो तिच्या इच्छेने. ही कलमं मुळातच 'विचार करावा' अशा मवाळ भाषेत आहेत हे खरं. पण आपल्या कायद्यात ती मवाळ भाषाही आली नाही. गुन्ह्याची व्याख्या आली, जिच्यावर गुन्हा झाला तिचं काय करायचं ते आलं नाही.

ते आलं एका पत्रात. १ मे २०१२ ला केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्व राज्यांना सूचनापत्र पाठवलं. त्याचा सारांश असा: परदेशी बाई किंवा मूल कागदपत्रांशिवाय सापडलं तर आधी नीट तपास करा. ती तस्करीची बळी आहे असं दिसलं तर तिच्यावर परदेशी नागरिक कायद्याखाली खटला चालवू नका. तपासात ती स्वतःच्या इच्छेने या व्यवहारात नव्हती असं आढळलं तर आरोपपत्र दाखल करू नका, केलं असेल तर मागे घ्या. तिला तुरुंगात न ठेवता निवारागृहात ठेवा आणि तिच्या देशाच्या वकिलातीमार्फत परत पाठवा. पत्र चांगलं आहे. पण पत्र म्हणजे कायदा नव्हे. कोर्टात ते दाखवायला बाईकडे वकील लागतो, आणि वकिलाला पत्र माहीत असावं लागतं.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच की 'मग प्रत्येक घुसखोर बाई स्वतःला पीडित म्हणवून सुटेल'. प्रश्न रास्त आहे, त्याला टाळून चालणार नाही. पण प्रत्यक्षात नेमकं उलटं होतं. छाप्यात सापडलेली बांगलादेशी बाई सहसा स्वतःला पीडित म्हणत नाही. ती सांगते मी कोलकात्याची, कारण दलालाने तेच पढवलेलं असतं. तिच्याकडे त्यानेच काढून दिलेलं बनावट आधार असतं, म्हणजे गुन्ह्यात बनावट कागदाची कलमं वाढली. दलालाचं नाव ती घेत नाही, कारण तिची आई किंवा बहीण त्याच्या गावात असते. तपास अधिकाऱ्याकडे दोन वाटा असतात. तस्करीचा धागा सोडवायचा तर पश्चिम बंगालला पथक न्या, दुभाषी शोधा, बाईचा विश्वास मिळवा. घुसखोरीचा गुन्हा लावायचा तर कागद नाहीत एवढं पुरतं, कारण नागरिकत्व सिद्ध करायची जबाबदारी तिच्यावरच असते. कामाच्या ओझ्याखालचा माणूस कोणती वाट धरेल? आणि दुसरी वाट धरली की दलाल कागदावरून नाहीसा होतो. घुसखोरीचा राग असलेल्यांनी हा हिशेब जरूर करावा. बाईला शिक्षा झाली, परत पाठवलं, आणि आणणारा पुढच्या खेपेला मोकळा.

युरोपात ही गोष्ट वेगळ्या यंत्रणेने चालते. युरोपियन युनियन सदस्य देशांना 'निर्देश' देते: अमुक तारखेपर्यंत हे तुमच्या कायद्यात आणा, कसं आणायचं ते तुम्ही ठरवा. नाही आणलं तर लक्झेंबर्गच्या न्यायालयात खेचलं जातं, दंडही होतो. २००४ च्या निर्देशाने तस्करीला बळी पडलेल्या परदेशी व्यक्तीला विचार करायला मुदत आणि राहण्याचा तात्पुरता परवाना दिला. २०११ च्या निर्देशाने सांगितलं की तस्करांनी जबरदस्तीने करायला लावलेल्या गुन्ह्यासाठी तिच्यावर खटला न चालवण्याचा अधिकार यंत्रणेला असलाच पाहिजे. सगळं गोड नाही तिथेही. २००४ चा परवाना पोलिसांना सहकार्य करणाऱ्यालाच मिळतो. जी घाबरून गप्प बसते तिच्या वाट्याला परतीचं विमान. पण निदान कायद्याच्या पुस्तकात तिच्यासाठी एक पान आहे.

आपल्या भागात अशी वरची पायरी सार्क होऊ शकली असती. जानेवारी २००२ मध्ये काठमांडूत सार्क देशांनी तस्करीविरुद्ध करार केलाही, त्यात काळजी घेण्याची आणि परत पाठवण्याची कलमं आहेत. पण सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ ला झाली, त्यानंतर ती संस्था नावापुरती उरली. भारत आणि बांगलादेशाने जून २०१५ मध्ये ढाक्यात तस्करीविषयी स्वतंत्र समझोता केला. त्यानंतरही मुलगी बांगलादेशची आहे हे त्यांच्याकडून कागदावर ठरेपर्यंत ती इथल्या वसतिगृहात महिने मोजत बसते. कधी त्याहून जास्त.

घरचा सर्वंकष कायदा करायचा प्रयत्न झाला. मानवी तस्करीचं विधेयक जुलै २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत गेलं नाही आणि २०१९ ला लोकसभेबरोबर बाद झालं. २०२१ मध्ये नवा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी आला आणि तिथेच राहिला. त्या मसुद्यांवर देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या संघटनांचे आक्षेप होते, आणि त्यातले काही मला पटतात: सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध सुधारगृहात कोंडणं म्हणजे सुटका नव्हे. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन सज्ञान महिलांना वसतिगृहातून सोडताना हेच सांगितलं होतं.

जे झालं ते दुसऱ्याच बाजूने झालं. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स' कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे त्यात विसर्जित झाले. वैध कागदांशिवाय सापडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्या कायद्याच्या नावाने २०१२ चं ते पत्र लिहिलं होतं, तो कायदाच आता नाही. नव्या कायद्यात तस्करीच्या बळींसाठी वेगळं कलम नाही. याच सुमारास कागद तपासण्याची घाईही वाढली. मे २०२५ मध्ये केंद्राने राज्यांना संशयितांची पडताळणी ३० दिवसांत उरकायला सांगितलं, आणि जूनमध्ये महाराष्ट्रातून उचललेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशात ढकलून, ते भारतीयच निघाल्यावर परत आणावं लागलं. आपल्याच नागरिकाला स्वतःचं नागरिकत्व वेळेत सिद्ध करता येत नसेल, तर दलालाच्या धाकातली, भाषा न येणारी पोरगी तीस दिवसांत काय सिद्ध करणार?

मात्र नव्या कायद्यात एक दार आहे. केंद्र सरकार आदेश काढून कोणत्याही गटाला त्यातल्या तरतुदींमधून सूट देऊ शकतं, आणि असा आदेश कायदा लागू झाला त्याच दिवशी निघालासुद्धा. त्यात नेपाळ-भूतानचे नागरिक आहेत, श्रीलंकेतून ठरावीक तारखेआधी आलेले नोंदणीकृत तमिळ निर्वासित आहेत, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातले अल्पसंख्याक आहेत. कागद नसतानाही कुणावर खटला भरू नये हे सरकारने विचार करून, गटवार, तारखेनिशी लिहिलं आहे. न्याय संहितेच्या कलम १४१ किंवा १४३ मध्ये जी व्यक्ती पीडित म्हणून नोंदली गेली, ती त्या यादीत नाही. तिला घालायला संसद लागत नाही, नवा करार लागत नाही, एका ओळीची अधिसूचना पुरते. आपल्या शहराचे आमदार-खासदार निवेदनं भरपूर देतात, त्यांच्याकडे हा मुद्दा लेखी पाठवतोय. काय उत्तर येतं ते इथेच टाकेन.